हाडातील गाठ : निदानाचा योग्य मार्ग

शाळेत जाणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा खेळताना पडतो. गुडघ्याला मुका मार लागतो. चार दिवसांत बरे वाटेल, असे घरची मंडळी समजतात. हळदीचा लेप लावला जातो, शेक दिला जातो, तेल लावून मालीश केले जाते. तरीही दुखणे थांबत नाही, तेव्हा हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतली जाते. मध्यंतरी परीक्षा येते, सुगीचे दिवस येतात आणि दोन-तीन महिने निघून जातात. मग एके दिवशी गुडघ्याच्या वर सूज स्पष्ट दिसू लागते. तालुक्याच्या गावी क्ष-किरण चित्र काढले जाते आणि हे दुखणे माराचे नव्हतेच, असे उघड होते. हाडात आधीपासून वाढत असलेल्या गाठीकडे लक्ष जाण्यास मार केवळ निमित्त झालेला असतो.

असा प्रसंग विरळ असला तरी अपरिचित नाही. हाडांचे आणि मृदू ऊतकांचे कर्करोग इतर कर्करोगांच्या मानाने पुष्कळ कमी आढळतात. प्रौढांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत त्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे. मुलांमध्ये मात्र ते याहून बरेच अधिक आहे. रोग विरळ असल्यामुळे तो चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ध्यानात आल्यावरही निदानाच्या पायऱ्या उलटसुलट चढल्या गेल्यास रुग्णाला हातपाय, प्रसंगी प्राणही, गमवावा लागतो. या गाठी ओळखण्याचे शास्त्र कसे चालते, कोणती तपासणी केव्हा करावयाची आणि तिच्यातून काय कळते, याची माहिती गावातील जबाबदार व्यक्तींना असणे म्हणूनच आवश्यक आहे.

गाठ आणि कर्करोग

शरीरातील पेशींची वाढ ठरलेल्या मर्यादेत होत असते. एखाद्या ठिकाणी ती मर्यादा सुटून पेशी स्वैरपणे वाढू लागल्या की जो गोळा तयार होतो, त्यास अर्बुद म्हणतात. प्रत्येक अर्बुद म्हणजे कर्करोग नव्हे. सौम्य अर्बुदे आपल्या जागी सावकाश वाढतात व दूर पसरत नाहीत. मारक अर्बुदे शेजारच्या भागात शिरतात आणि रक्तावाटे शरीराच्या इतर भागांत, विशेषतः फुप्फुसांत, नवी ठाणी मांडतात. हाडे, स्नायू, चरबी, कूर्चा यांसारख्या आधार देणाऱ्या ऊतकांत निर्माण होणाऱ्या मारक अर्बुदांना सार्कोमा असे नाव आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने मृदू ऊतकांच्या अर्बुदांचे वर्गीकरण १९६९ मध्ये व हाडांच्या अर्बुदांचे १९७२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. २०२० मधील पाचव्या आवृत्तीत दोहोंचे मिळून शंभराहून अधिक प्रकार नोंदविलेले आहेत. प्रत्येक प्रकाराची वागणूक निराळी आणि उपचारही निराळे. यास्तव 'गाठ आहे' एवढे कळून भागत नाही. ती कोणती, हे निश्चित होईपर्यंत उपचारांचा आरंभच करता येत नाही.

वय आणि जागा

हाडांच्या अर्बुदांचे एक वैशिष्ट्य असे की, रुग्णाचे वय आणि गाठीची जागा एवढ्या दोन गोष्टींवरूनही निदानाची दिशा पुष्कळशी ठरते. हाड तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. तो मुख्यतः दहा ते वीस या वयात, म्हणजे उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात आढळतो. मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीच्या हाडाचे वरचे टोक आणि दंडाच्या हाडाचे खांद्याकडील टोक या त्याच्या नेहमीच्या जागा होत. हाडांची लांबी याच भागांत सर्वाधिक वाढत असते. त्यामुळे वाढत्या मुलाच्या गुडघ्याभोवतालच्या दुखण्याकडे अधिक सावधपणे पाहावे लागते.

इविंग सार्कोमा हा मुलांमध्ये आढळणारा दुसरा महत्त्वाचा प्रकार होय. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ जेम्स इविंग यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले. तो लांब हाडाच्या मधल्या भागात तसेच कमरेच्या हाडांत दिसून येतो. त्यात कधी कधी तापही येत असल्यामुळे हाडात पू झाला असावा, असा समज होण्याचा संभव असतो.

वीस ते चाळीस या वयात, हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर, सांध्याला अगदी लागून जायंट सेल ट्यूमर नावाची गाठ होते. ती बहुधा दूर पसरत नाही, परंतु त्या जागचे हाड पोखरून टाकते आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवू शकते. चाळिशीनंतर हाडात आढळणारी मारक गाठ बहुतेक वेळा मूळची हाडातील नसते. स्तन, फुप्फुस, पुरःस्थ ग्रंथी, मूत्रपिंड किंवा अवटू ग्रंथी यांतील कर्करोग तेथे पसरलेला असतो, अथवा ती मायलोमा या रक्तपेशींच्या विकाराची खूण असते. प्रौढ व्यक्तीच्या मणक्यात गाठ दिसल्यास डॉक्टर पोट, छाती व रक्त यांचीही तपासणी करतात, ती याच कारणास्तव.

सौम्य गाठींत ऑस्टिओकॉन्ड्रोमा सर्वांत अधिक प्रमाणात आढळतो. हाडाच्या टोकाजवळ फुटलेल्या खुंटासारखा तो दिसतो आणि मुलाची उंची वाढणे थांबले की त्याची वाढही थांबते. प्रौढपणी असा खुंट पुन्हा वाढू लागला तर मात्र तपासणी करून घेणे इष्ट असते.

पहिली पायरी : साधे क्ष-किरण चित्र

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर कितीतरी नवी यंत्रे आली, तथापि हाडातील गाठीच्या तपासणीत साध्या क्ष-किरण चित्राचे पहिले स्थान आजही ढळलेले नाही. ही तपासणी स्वल्प खर्चाची असून बहुतेक तालुक्यांत उपलब्ध असते. चित्र किमान दोन बाजूंनी, म्हणजे समोरून व कडेने, काढावे लागते.

चित्र वाचताना तज्ज्ञ चार प्रश्न विचारतात. गाठ हाडाच्या कोणत्या भागात आहे? ती हाडाचे काय करीत आहे? हाड तिला कसा प्रतिकार करीत आहे? आणि गाठीच्या आत कोणता पदार्थ तयार होत आहे?

सावकाश वाढणाऱ्या गाठीभोवती हाडाला कुंपण घालण्यास सवड मिळते. त्यामुळे तिची कड रेखीव व पांढरी दिसते. झपाट्याने वाढणारी गाठ हाडाला ही सवड देत नाही. तिची कड पुसट असते आणि वाळवीने लाकूड पोखरावे तसे हाड दिसते. हाडावरील पातळ आवरण गाठीमुळे उचलले गेले की त्याखाली नवे हाड तयार होऊ लागते. ऑस्टिओसार्कोमात हे नवे हाड पुष्कळदा सूर्याच्या किरणांप्रमाणे बाहेर फाकलेले दिसते, तर आवरण उचलले गेलेल्या कडेला त्रिकोणी आकार उमटतो. या त्रिकोणास बोस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांचे नाव देण्यात आले आहे. इविंग सार्कोमात नव्या हाडाचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक दिसू शकतात. गाठीच्या आत कूर्चा असेल तर चुन्याच्या कणांसारखे ठिपके व कडी दिसतात.

साध्या चित्राला मर्यादाही आहेत. हाडातील खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग नाहीसा होईपर्यंत पोखरण चित्रात दिसू शकत नाही. त्यामुळे चित्र निर्दोष आले आणि तरीही दुखणे, विशेषतः रात्रीचे दुखणे, थांबले नाही, तर काही आठवड्यांनी पुन्हा चित्र काढणे किंवा पुढची तपासणी करणे आवश्यक ठरते. कमरेचे दुखणे गुडघ्यात जाणवते, हेही ध्यानात ठेवावे लागते. गुडघा ठीक दिसल्यास वरचा सांधाही तपासला पाहिजे.

दुसरी पायरी : गाठीचा विस्तार

गाठीचा संशय आला की तिचा विस्तार पाहिला जातो. त्यासाठी एमआरआय ही तपासणी सर्वांत उपयुक्त मानली जाते. तीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. प्रबळ चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या अंशांवरून चित्र तयार होते. हाडाच्या पोकळीत गाठ कोठपर्यंत गेली आहे, ती बाहेर स्नायूंत शिरली आहे काय, मुख्य रक्तवाहिनी व मज्जातंतू तिच्यापासून किती अंतरावर आहेत आणि त्याच हाडात दुसरे एखादे लहान ठाणे आहे काय, हे सर्व त्यात दिसते. पाय वाचविता येईल की नाही, याचा निर्णय मुख्यतः याच चित्रांवरून होतो.

सीटी स्कॅन ही तपासणी १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम रुग्णावर करण्यात आली आणि तिच्या शोधाबद्दल गॉडफ्रे हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सार्कोमाच्या रुग्णाच्या छातीचा सीटी स्कॅन अवश्य केला जातो, कारण हे रोग प्रथम फुप्फुसांत पसरतात आणि तेथील बारीक गाठी साध्या चित्रात दिसत नाहीत. सर्व सांगाडा एकाच वेळी पाहण्यासाठी टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा उपयोग करून हाडांचा स्कॅन केला जातो. काही ठिकाणी त्याऐवजी पेट स्कॅन केला जातो.

या सर्व चित्रणाचा क्रम महत्त्वाचा आहे. ते गाठीचा तुकडा काढण्यापूर्वी झाले पाहिजे. तुकडा काढल्यावर तेथे रक्त साचते, सूज येते, आणि मग एमआरआयमध्ये रोग कोणता व जखमेची सूज कोणती, हे वेगळे करणे अवघड होऊन बसते.

तिसरी पायरी : तुकडा काढणे

गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणे म्हणजे बायोप्सी. ही क्रिया दिसावयास लहान, परंतु परिणामाने मोठी आहे. सुई किंवा सुरी ज्या वाटेने गाठीपर्यंत जाते, त्या वाटेत अर्बुदाच्या पेशी सांडण्याचा संभव असतो. म्हणून पुढील मुख्य शस्त्रक्रियेत ती वाट गाठीबरोबरच काढून टाकावी लागते. वाट भलत्याच जागी पडली, छेद हातापायाच्या लांबीच्या दिशेने न घेता आडवा घेतला, किंवा मुख्य रक्तवाहिनीजवळून मार्ग काढला, तर वाचण्यासारखा पाय कापावा लागतो.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. अमेरिकेतील हेन्री मॅन्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२९ रुग्णांच्या बायोप्सींचा अभ्यास करून १९८२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १८.२ टक्के रुग्णांच्या बाबतीत निदानात मोठी चूक झाली होती आणि ४.५ टक्के रुग्णांचा अवयव केवळ बायोप्सीतील दोषामुळे विनाकारण कापावा लागला होता. बायोप्सी उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी अन्यत्र केली गेली असता अशा चुका कितीतरी पटींनी अधिक आढळल्या. यावरून निघालेला नियम आज सर्वमान्य आहे. ज्या रुग्णालयात पुढील शस्त्रक्रिया होणार, तेथेच व त्याच शल्यवैद्याच्या सल्ल्याने तुकडा काढला जावा. आता पुष्कळ ठिकाणी छेद न घेता जाड सुईने, चित्राच्या आधारे नेमकी जागा पाहून, तुकडा घेतला जातो.

'गाठीला लोखंड लागले की रोग पसरतो' ही समजूत खेडोपाडी आणि शहरांतही आढळते. योग्य ठिकाणी व योग्य रीतीने केलेल्या तपासणीस ही भीती लागू पडत नाही. उलट तुकडा न तपासता काढलेला काळ रोगालाच उपयोगी पडतो. चुकीच्या जागी चुकीच्या रीतीने लावलेल्या हत्याराची भीती मात्र रास्त आहे. तिचे उत्तर तपासणी टाळणे हे नसून योग्य केंद्रात जाणे हे आहे.

चौथी पायरी : सूक्ष्मदर्शकाखाली

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या द्रावणात घालून विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठविला जातो. फॉर्मॅलिनमुळे तो कुजत नाही व पेशींची रचना कायम राहते. तुकड्यात कठीण हाड असल्यास त्यातील चुना काढून तो मऊ करावा लागतो. यास काही दिवस लागू शकतात. हाडाच्या तपासणीचा अहवाल उशिरा येण्याचे हे एक प्रमुख कारण होय. त्यानंतर तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे अत्यंत पातळ काप घेतात. कापाची जाडी तीन ते पाच मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे काप काचपट्टीवर घेऊन रंगविले जातात. एका रंगाने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी होतो.

मग विकृतिशास्त्रज्ञ पेशींचा आकार, केंद्रकांचा बेढबपणा, विभाजनाचा वेग आणि पेशींनी निर्माण केलेला पदार्थ यांचे निरीक्षण करतो. मारक पेशी स्वतःच कच्चे हाड तयार करीत असून ते त्यांच्यामध्ये गुलाबी जाळीसारखे पसरलेले दिसले, तर निदान ऑस्टिओसार्कोमाच्या बाजूने झुकते. लहान, गोल, निळसर पेशींची दाटी दिसली तर इविंग सार्कोमाचा विचार होतो. परंतु अशा पेशी इतरही काही रोगांत दिसतात. त्यांना वेगळे करण्यासाठी पेशींवरील विशिष्ट प्रथिने ओळखणारी रंजके वापरली जातात. इविंग सार्कोमात दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक नवे संयुक्त जनुक तयार झालेले असते. १९९२ मध्ये ते ओळखले गेल्यापासून त्याचा शोध घेऊन निदान पक्के करता येऊ लागले.

उपचार सुरू झाल्यावरही विकृतिशास्त्रज्ञाचे काम संपत नाही. ऑस्टिओसार्कोमात शस्त्रक्रियेपूर्वी औषधोपचार दिले जातात. काढलेल्या हाडाची तपासणी करून किती पेशी मेल्या आहेत, हे मोजले जाते. नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक पेशी मृत आढळल्या तर औषधांचा प्रतिसाद चांगला समजला जातो. काढलेल्या भागाच्या कडांपर्यंत रोग पोहोचला आहे काय, हेही याच वेळी पाहिले जाते.

एकट्या पुराव्यावर विसंबणे धोक्याचे

वरील पायऱ्यांपैकी कोणतीही एक स्वतंत्रपणे पुरेशी नाही, ही या शास्त्रातील सर्वांत महत्त्वाची शिकवण होय. काही उदाहरणांवरून ती स्पष्ट होईल.

स्नायूला जबर मार लागल्यावर काही आठवड्यांनी तेथे हाडासारखा कठीण गोळा तयार होतो. तो कर्करोग नसतो. पण त्याच्या मध्यभागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जोमाने वाढणाऱ्या पेशी व कच्चे हाड पाहून तो ऑस्टिओसार्कोमा वाटू शकतो. क्ष-किरण चित्र पाहिले की उलगडा होतो, कारण या गोळ्यात पक्के हाड बाहेरच्या कडेला असते व आतला भाग कच्चा असतो. जुळून येत असलेल्या अस्थिभंगाच्या बाबतीतही अशीच फसगत होऊ शकते.

याच्या उलट प्रकारही घडतो. हाडातील जंतुसंसर्ग किंवा हाडाचा क्षयरोग चित्रात अर्बुदासारखा दिसतो आणि इविंग सार्कोमा जंतुसंसर्गासारखा दिसतो. चित्रावरून पू समजून छेद घेतला आणि काढलेला पदार्थ तपासणीस पाठविलाच नाही, तर कित्येक महिने चुकीचे उपचार चालू राहतात. म्हणून अशा वेळी काढलेला पदार्थ जंतूंच्या तपासणीसाठी आणि सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी, दोन्हीकडे पाठविण्याची पद्धत आहे.

कूर्चेच्या गाठींचे उदाहरण आणखी बोलके आहे. बोटाच्या लहान हाडात ज्या स्वरूपाच्या पेशी दिसल्या असता गाठ सौम्य मानली जाते, तशाच पेशी कमरेच्या हाडात दिसल्या तर कर्करोगाचा निर्णय द्यावा लागतो. काचपट्टी तीच, जागा बदलली की अर्थ बदलतो. गाठ कोणत्या हाडातील आहे, हे विकृतिशास्त्रज्ञाला सांगितलेच नाही, तर त्याने अचूक उत्तर कसे द्यावे?

यामुळे शल्यवैद्य, क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ या तिघांनी एकत्र बसून निर्णय करण्याचा प्रघात पडला. कॉडमन यांनी जेम्स इविंग व जोसेफ ब्लडगुड यांच्या सहकार्याने १९२० च्या सुमारास अमेरिकेत अस्थि-सार्कोमाची नोंदवही सुरू केली. ठिकठिकाणच्या रुग्णांची क्ष-किरण चित्रे, काचपट्ट्या व पुढील हकीकत तीत एकत्र केली जाई. निरनिराळे डॉक्टर एकाच रोगाला निरनिराळी नावे देत होते, ते या नोंदींमुळे ध्यानात आले. आजही तिघांपैकी एकाचे मत जुळत नसेल तर निर्णय घाईने केला जात नाही. तुकडा पुन्हा घेतला जातो किंवा अधिक अनुभवी केंद्राचा सल्ला मागितला जातो. गावातील वादात एकाच साक्षीवर निवाडा देणे जसे योग्य नव्हे, तसेच हेही आहे.

मृदू ऊतकांच्या गाठी

त्वचेखालील किंवा स्नायूंतील गाठींपैकी बहुसंख्य सौम्य असतात. साधारणपणे शंभर सौम्य गाठींमागे एखादीच सार्कोमा निघते. चरबीची मऊ, हलणारी, वर्षानुवर्षे तशीच राहणारी गाठ बहुतेकांच्या परिचयाची आहे. या परिचयामुळेच धोका निर्माण होतो. मांडीतील खोल गाठही 'चरबीची' समजून एखाद्या लहान रुग्णालयात काढली जाते आणि टाकून दिली जाते. काही महिन्यांनी ती त्याच जागी पुन्हा वाढते, तेव्हा रोग आजूबाजूला पसरलेला असतो.

पाच सेंटिमीटरहून, म्हणजे अंदाजे लिंबाहून, मोठी असलेली, वाढत जाणारी, खोल स्नायूत असलेली, दुखणारी किंवा एकदा काढून पुन्हा आलेली गाठ संशयास्पद समजावी. ती न दुखणारी असली तरी निर्धोक मानू नये, कारण मृदू ऊतकांतील पुष्कळ सार्कोमा आरंभी दुखत नाहीत. अशा गाठीचे आधी चित्रण, मग जाड सुईने तुकडा आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया, हा क्रम येथेही पाळावयाचा असतो. आणि शरीरातून काढलेली कोणतीही गाठ, ती कितीही साधी वाटो, विकृतिशास्त्रीय तपासणीस पाठविली गेलीच पाहिजे.

वेळेवर निदानाचे फळ

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी ऑस्टिओसार्कोमावर अवयव कापणे हाच मुख्य उपाय होता आणि तो करूनही पाचांपैकी जेमतेम एक रुग्ण पाच वर्षे जगत असे. कारण निदानाच्या वेळीच बहुतेकांच्या फुप्फुसांत न दिसणारा रोग पोहोचलेला असे. १९७० नंतर प्रभावी औषधोपचारांची जोड मिळाली आणि हे चित्र पालटले. रोग मूळ जागीच असताना उपचार पूर्ण घेतलेल्या रुग्णांपैकी साठ ते सत्तर टक्के आज पाच वर्षे व त्यापुढे जगतात. बहुसंख्य रुग्णांचा हात किंवा पायही वाचविता येतो. रोगग्रस्त हाड काढून तेथे धातूचा सांधा किंवा दुसरे हाड बसविले जाते. फुप्फुसांत रोग दिसू लागल्यावर आलेल्या रुग्णांच्या बाबतीत मात्र यशाचे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी राहते.

महाराष्ट्रात या उपचारांची परंपरा जुनी आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथील विकृतिशास्त्र प्रयोगशाळेची उभारणी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केली. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे ते प्रवर्तक मानले जातात. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशातील अनेक कर्करोग केंद्रे परस्परांशी जोडली गेली आहेत.

खर्चाच्या धास्तीने पुष्कळ कुटुंबे तपासणी पुढे ढकलतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि तिच्याशी संलग्न असलेल्या आयुष्मान भारत योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात नेमलेले आरोग्यमित्र कागदपत्रांबाबत मार्गदर्शन करतात. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांस रेल्वे भाड्यातही सवलत मिळते.

गावपातळीवर काय करता येईल

हातापायाचे दुखणे सर्वांत आधी घरात आणि त्यानंतर शाळेत दिसते. एखादा विद्यार्थी लंगडू लागला, खेळातून बाजूला बसू लागला, रात्री दुखण्यामुळे झोप होत नसल्याचे सांगू लागला, तर शिक्षकांनी पालकांना बोलावून विचारपूस करावी. वाढत्या वयातील साधे दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते, येते-जाते आणि सकाळी मुलगा पुन्हा धावू लागतो. एकाच जागी टिकून राहणारे, वाढत जाणारे व झोपेतून जागे करणारे दुखणे यापेक्षा वेगळे होय. ते दोन-तीन आठवड्यांहून अधिक राहिले तर क्ष-किरण चित्र काढून घेण्याचा आग्रह धरावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांना भेट देतात, तेव्हा अशा मुलांची नावे त्यांच्यासमोर आवर्जून ठेवावीत.

पंचायत सदस्यांना आणखी एक गोष्ट करता येईल. कारण न कळलेल्या सुजेवर मालीश करू नये, घट्ट पट्टी बांधू नये व तेथे डाग देऊ नये, हे ग्रामसभेत समजावून सांगावे. गावातील हाडवैद्याचा उपहास करून हे साधणार नाही. त्याच्याकडे लोक विश्वासाने जातात. 'मार नसताना आलेली सूज आणि रात्रीचे दुखणे असेल तर आधी फोटो काढून आणा' एवढे सांगण्यास तो तयार झाला, तरी अनेक महिने वाचतील.

कुटुंबानेही काही कागद जपून ठेवावेत. पहिले क्ष-किरण चित्र, सर्व अहवाल आणि तुकडा तपासला गेला असल्यास त्याच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे ही रुग्णाची मोलाची मालमत्ता होय. मोठ्या केंद्रात जाताना केवळ अहवालाचा कागद न नेता या वस्तू मागून घेऊन सोबत न्याव्यात. त्यामुळे तेथील तज्ज्ञांना स्वतः फेरतपासणी करता येते आणि पुष्कळदा दुसऱ्यांदा तुकडा काढण्याची वेळ येत नाही.

गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक मुलास कर्करोग असतो, असा या माहितीचा अर्थ मुळीच नाही. शंभरांतील बहुतेक सर्वांचे दुखणे साधेच निघेल आणि क्ष-किरण चित्र त्यांच्या घरच्यांना निश्चिंत करील. परंतु ज्या एखाद्याचे दुखणे साधे नसेल, त्याच्या बाबतीत पहिल्या महिन्यात काढलेले चित्र आणि चौथ्या महिन्यात काढलेले चित्र यांतील अंतर हे पाय वाचणे आणि पाय गमावणे यांतील अंतर ठरू शकते. ते अंतर कमी करण्यासाठी मोठ्या यंत्रांची वाट पाहावी लागत नाही. लंगडणाऱ्या मुलाकडे वेळीच कोणाचे तरी लक्ष जाणे आणि त्याला योग्य दारापर्यंत नेले जाणे, एवढ्यापासून आरंभ होतो.